उचलायचं कुणी?

खंडोबा ज्यांचं कुलदैवत आहे, त्या घरातल्या नवरदेवाची पहिली शारीरिक चाचणी जेजुरीला होते. लग्नानंतर जोडीनं गडावर जायचं आणि नवऱ्यानं बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, अशी रीत आहे. गाण्यांतून गडाला नऊ लाख पायऱ्या असल्या तरी प्रत्यक्षात त्या काही शेच आहेत. पण बायको हातात असली की गाण्यातला आकडाच खरा वाटू लागतो.

ही रीत पाडणाऱ्यानं लग्नघर आतून पाहिलेलं नसावं. आठवडाभराची जागरणं, पंगतीतले आग्रह आणि जिलब्या यांनी नवरदेवाच्या पायांतलं बळ गेलेलं असतं. तिकडे नवरीच्या मूळ वजनात शालू, चुडा, दागिने आणि ओटीतल्या नारळाची भर पडलेली असते. भोवती नातेवाईक उभे असतात. आमच्या वेळी मामा उचलण्याचं तंत्र समजावत होते. त्यांनी स्वतः मामीला कधी उचललं होतं, हे विचारायची ती वेळ नव्हती. आत्या म्हणत होती, "पाचच पायऱ्या रे, काही एव्हरेस्ट नाही." कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल होता आणि त्यातला एकही वाया घालवायचा नाही अशी फोटो काढणाऱ्या काकांची शपथ होती. त्यामुळे तिसऱ्या पायरीवर मला "जरा थांब, ऊन डोळ्यावर येतंय," असं सांगण्यात आलं.

त्या अधांतरी अवस्थेत आमचं पहिलं खासगी संभाषण झालं.

"पडणार नाही ना?" तिनं हळूच विचारलं.

"छे! घट्ट धरलंय तुला."

"मी नाही, तुम्ही."

पाचव्या पायरीवर 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर झाला, अंगावर भंडारा उधळला गेला आणि मी तिला खाली ठेवलं. तिनं पदर सावरला. नारळाची पिशवी, पाण्याची बाटली, आईची शाल आणि माझ्या चपला उचलल्या आणि ती उरलेला गड तडक चढून गेली. मी मागून कठड्याला धरून येत होतो. वाटेत बाणाईचं देऊळ लागलं. खंडोबाच्या दोन बायकांपैकी म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक आणि बाणाई चंदनपुरीची धनगरीण. दोघींचं पटेना म्हणून देवानं म्हाळसेला गडावर आणि बाणाईला मध्यावर बिऱ्हाड दिलं, अशी कथा आहे. पाचव्या पायरीला माझ्या कमरेत जी कळ निघाली होती, तिच्याकडे पाहता दोन संसार पेलणाऱ्याला लोक देव का म्हणतात हे मला पटलं. याच गडावर दसऱ्याला सुमारे ४२ किलोचा खंडा उचलायची स्पर्धा लागते. काही बहाद्दर तो दातांनीही उचलतात. त्यांना बक्षीस मिळतं. बायको उचलणाऱ्याला फक्त फोटो मिळतो आणि आमच्या फोटोत माझं तोंड असं आलंय की मी दातांनीच उचलतोय असं वाटावं.

आमच्या प्रवासातली कामाची वाटणी त्या दिवशी ठरली. पहिल्या पाच पायऱ्या माझ्या, बाकीचा गड तिचा.

लग्नाचा पहिला वाढदिवस आम्ही माथेरानला साजरा केला. आम्ही म्हणजे ती, मी आणि माझी आई. "तुम्ही दोघं जाऊन या, मी राहीन एकटी," हे वाक्य आईनं अशा सुरात म्हटलं की तिसरं तिकीट काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. नेरळहून डोंगर चढणारी ती दोन फुटी रुळांची छोटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं बांधली आणि १९०७ साली सुरू झाली. वीसेक किलोमीटरचं अंतर कापायला ती दोन तासांहून जास्त वेळ घेते. वळणं इतकी, की खिडकीतून आपल्याच गाडीचं शेपूट दिसतं. या मार्गावर एक इवलासा बोगदा आहे. त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. आत शिरून बाहेर पडेपर्यंत तेवढाच वेळ मिळतो, म्हणून हे नाव. मित्रांनी त्याबद्दल मला मोठ्या जिव्हाळ्यानं माहिती पुरवली होती. जुम्मापट्टी मागे पडल्यापासून मी दबा धरून बसलो होतो. बोगदा आला, डब्यात अंधार झाला आणि त्याच क्षणी आईचा आवाज आला, "अगं, आल्याच्या वड्या कुठल्या पिशवीत ठेवल्यास? मला मळमळतंय." उजेड झाला तेव्हा आमच्या तिघांच्याही तोंडात आल्याची वडी होती.

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तेव्हा दस्तुरी नाक्याच्या पुढे चालायचं, घोड्यावर बसायचं किंवा माणसानं ओढायच्या रिक्षात, एवढेच मार्ग होते. छोट्या गाडीनं आलात तर थेट बाजारात उतरता, पण तिथून हॉटेलपर्यंतचं सामान हाच प्रश्न असतो. आमच्या सामानात आईनं थालीपिठांचा डबा, लोणच्याची बरणी, सतरंजी आणि 'हॉटेलातल्या उशांचा भरवसा नाही' म्हणून स्वतःची उशी घेतली होती. मी हमालाशी घासाघीस सुरू केली. तत्त्वाचा प्रश्न पाच रुपयांचा होता. आमची बोलणी रंगात आली तोवर ही दोन पिशव्या खांद्याला आणि उशी काखेत मारून लाल मातीच्या रस्त्यानं वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती. हमाल माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, आता तुम्हाला उचलायचं का?"

दुपारी हॉटेलच्या व्हरांड्यातून माकडांनी थालीपिठांचा डबा पळवला. आई हळहळली. मी सांत्वन केलं. ही मात्र शांतपणे म्हणाली, "जाऊ दे. परतताना तेवढंच हलकं." प्रवासात तिचं ओझं कमी करणारं पहिलं कुणी भेटलं असेल तर ती ही माकडं.

मधली वर्षं पोराबाळांची. या काळातल्या सहली जोडप्याच्या नसतात, वरातीच्या असतात. अष्टविनायक केले तेव्हा मोरगावला सुरुवात करून शेवटी पुन्हा मोरगावलाच यायचं, हा क्रम मी कडक पाळला. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या धाकट्याला कडेवर घेऊन कुणी चढायच्या, हा तपशील माझ्या वेळापत्रकात नव्हता. पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी आम्हाला सहल कंपनीबरोबर उत्तरेला पाठवलं. तिथे सकाळी सहाला दारावर थाप, सातला नाश्ता, आठला बस आणि रात्री 'आदर्श जोडपं' स्पर्धा. पत्नीच्या आवडत्या रंगाला मी निळा म्हणालो, तिनं चिठ्ठीवर 'कुठलाही, पण निळा नको' लिहिलं होतं. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं: एक निळी छत्री.

मग माझी साठी आली. माझा जन्म १९६५च्या सुरुवातीचा, म्हणजे शके १८८६, क्रोधी संवत्सर. साठ संवत्सरांचं चक्र पुरं होऊन शके १९४६ला पुन्हा क्रोधी आलं. जन्माच्या संवत्सराचं नाव साठ वर्षांनी फिरून येतं, म्हणूनच साठीची शांत करतात. ही म्हणाली, "परत यायला ते गेलं होतं कधी?"

मुलगा नोकरीनिमित्त चेन्नईला असतो. त्यानं परस्पर ठरवलं की आईबाबांची साठी तिरुक्कडैयूरला करायची. तमिळनाडूत मयिलाडुतुरैजवळ हे शंकराचं मोठं क्षेत्र आहे. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला मार्कंडेय इथल्या लिंगाला मिठी मारून बसला, यमाचा पाश लिंगावर पडला आणि महादेवानं यमालाच लाथ घातली, अशी इथली कथा. यम जिथे हरला तिथे आयुष्य मागायला यायचं, म्हणून साठी, सत्तरी, ऐंशी गाठलेली जोडपी इथे येऊन एकमेकांशी पुन्हा लग्न लावतात. आपल्याकडे ऐंशीला सहस्रचंद्रदर्शन करतात, तेही तिथे चालतं. हजार पौर्णिमा मोजायच्या तर ऐंशी वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात. ही म्हणाली, "साठच बघू आधी."

पुण्याहून निघताना हिच्या बॅगेत मेतकूट, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, माझी औषधं, गरम पाण्याची पिशवी आणि दोघांचे रेशमी कपडे होते. माझ्या हातात तिकिटं होती. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं मला डॉक्टरांनी बजावलेलं आहे. पाच या आकड्याशी माझं आधीपासूनच जमतं.

वाटेत तंजावरला थांबलो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या देवळात, बाहेरच्या प्राकाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. तमिळ पाट्या पाहून पाहून शिणलेल्या डोळ्यांना अचानक देवनागरी ओळींनी भरलेली भिंत दिसली आणि मला भरून आलं. मी मोठ्यानं वाचू लागलो. ओळी संपेनात. ऊन चढत होतं, दगड तापत होता आणि आम्ही अनवाणी होतो. ही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाली, "सासरचा इतिहास लांबलचक असतो, हे मला कोरून दाखवायला नको."

तिरुक्कडैयूरच्या देवळातही भोसले भेटतातच. तिथली देवी अभिरामी. तिच्या ध्यानात बुडालेल्या अभिरामी भट्टरांना दर्शनाला आलेल्या पहिल्या सरफोजीराजांनी तिथी विचारली. होती अमावास्या, भट्टर बोलून गेले पौर्णिमा. राजा संतापला. भट्टरांवर प्राणसंकट ओढवलं तेव्हा देवीनं कानातलं भूषण आकाशात भिरकावलं आणि ते पूर्णचंद्रासारखं तळपलं. मुलानं ही कथा सांगितल्यावर हिनं माझ्याकडे फक्त पाहिलं. जगातले बहुतेक नवरे कधी ना कधी महत्त्वाची तारीख चुकीची सांगतात. कुणीतरी कानातलं भिरकावल्यामुळे सुटलेला माणूस इतिहासात एकच, आणि तोही नवरा म्हणून सुटला नाही.

देवळाच्या मंडपात एका वेळी कितीतरी लग्नं चालू होती. प्रत्येक होमासमोर पांढऱ्या केसांचा वर, गुडघे धरून बसलेली वधू आणि मागे मुलं, सुना, जावई, नातवंडं. आमच्या नातवानं मोठ्यांदा विचारलं, "म्हणजे आजीआजोबांचं इतके दिवस लग्नच झालं नव्हतं?" शेजारच्या होमाला मराठी कळत नव्हतं, ही देवीची कृपा.

विधीत कलशांतलं मंत्रानं भारलेलं पाणी जोडप्याच्या डोक्यावर ओततात. कलश सोळापासून सुरू होतात आणि ऐपतीप्रमाणे वाढत जातात. मुलाला चौसष्ट हवे होते. ही म्हणाली, "सोळा पुरे. सर्दी मला निस्तरायचीय." मुलगा, सून, लेक, जावई असे सगळे रांगेनं कलश रिकामे करू लागले. लहानपणी आंघोळीसाठी ज्यांना आम्ही खेचत न्यायचो, ती पोरं आज मनसोक्त सूड घेत होती. आम्ही ओलेत्यानं गेलो, कोरडे कपडे नेसून आलो आणि मला पुन्हा मंगळसूत्र बांधायला सांगितलं. पिवळ्या दोऱ्याची गाठ बसेना. गुरुजी तमिळमध्ये सूचना देत होते, मुलगा त्यांचं भाषांतर करत होता आणि ही मान खाली घालून मराठीत म्हणत होती, "चष्मा लावा आधी."

मग एक गंमत झाली. साठी झालेल्या जोडप्याच्या पाया पडलं की पुण्य लागतं, म्हणून अनोळखी माणसं येऊन आमच्यासमोर वाकू लागली. आशीर्वाद द्यायची सवय मला नाही. हिला आहे, पण सुनांना आणि भाच्यांना देण्याची. त्यामुळे भरघोस मिश्यांचा एक हवालदार वाकला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून ठणठणीत आवाजात "अखंड सौभाग्यवती भव!" म्हटलं. तो गहिवरला. त्यानं बायकोलाही बोलावून आणलं.

देवळाबाहेर मी ओल्या कपड्यांची पिशवी उचलायला वाकलो. "राहू दे," म्हणून हिनं हात पुढे केला. तेवढ्यात सुनेनं आमच्या दोघांच्याही हातांखालून पिशवी काढून घेतली आणि मुलाच्या खांद्याला अडकवली. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या पिढीतली वाटणी वेगळी झाली आहे आणि ती बरी आहे, असं माझं मत झालं. हिचंही तेच होतं. आमचं एकमत होण्याचे प्रसंग थोडे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

तुमच्या घरात कुणाची साठी जवळ येत असेल आणि तिकडे जायचं मनात असेल, तर इंग्रजी तारखेवर विसंबू नका. तमिळ पंचांगात महिना सूर्याचा धरतात आणि दिवस जन्मनक्षत्रावरून काढतात, तेव्हा पत्रिका आधी शोधून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत हवा बरी असते. कोरडे कपडे दोन जोड न्या, चष्मा हाताशी ठेवा, तंजावरच्या भिंतीसमोर सकाळी लवकर जा. आणि खर्च मुलांना करू द्या. लग्न आपलं असलं तरी हौस त्यांची असते.