नानांचा कान

नानांच्या दिवाणखान्यात बसायची जागा ठरलेली. फरशीवर खडूची फुली आहे. खुर्ची तिच्यावरून बोटभर जरी सरकली, तरी नाना आधी खुर्ची जागेवर आणतात आणि मग "बस" म्हणतात. रेकॉर्ड मखमली ब्रशने पुसायची, सुई अलगद टेकवायची आणि आलापी संपेपर्यंत पाहुण्याने कप बशीत ठेवायचा नाही. हे सगळं रात्री अकरानंतर. "दिवसा सोसायटीचा पंप, लिफ्ट... लाइट गढूळ येते रे!"

मध्यंतरी त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून स्पीकरची नवी वायर आणली. काकूंना किंमत अर्धीच सांगितली. वायर महिनाभर 'मुरल्यावर' आम्हाला बोलावणं आलं. "तंबोऱ्याची जवारी कशी उलगडली बघ! अरे, हीसुद्धा स्वयंपाकघरातून म्हणाली, आज काय नवीन?"

"मी म्हटलं होतं, आज परत काय नवीन आणलंत?" काकू आतून.

पुतण्या इंजिनियर. त्याने १९९४ सालचा दाखला काढला. अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर लोकांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआडून ऐकवले, तर लोकांनी दिलेले गुण बदलले.

"त्यांना जवारी कळते का?" नानांनी विषय संपवला.

पुतण्या हटला नाही. काकूंची जुनी साडी आडवी बांधून तो मागे जाऊन बसला. वायरला त्याने हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या खेपेला आवाज फक्त डेसिबलभर वाढवला.

"हीच! हीच नवी वायर!" नाना मांडीवर थाप मारून म्हणाले.

खरं कळल्यावर क्षणभर शांतता. मग, "परीक्षेच्या दडपणाने कान मिटतात."

पण याच नानांना मैफलीत न्या. तंबोऱ्याची तार केसभर उतरली, की गवयाचा हात खुंटीकडे जायच्या आत नानांची भुवई वर जाते, तीही डोळे मिटलेले असताना. त्यांचा कान पक्काच आहे. घोटाळा करतात ते डोळे आणि खिशातली पावती.

तेव्हा मंडळी, स्पीकर घ्यायला जाल आणि दोन जोड्या ताडून बघाल, तर दुकानदाराला दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा, पाठ करून बसा, आणि किंमत सगळ्यात शेवटी विचारा.