शेवटाची तारीख

पवनी तालुक्यातली पोरं पुण्याच्या कंपन्यांतल्या मुलाखतींसाठी रात्ररात्र कोडिंगमधले इंटरव्हलचे प्रश्न घोटतात. कामांच्या सुरुवातीच्या आणि शेवटाच्या वेळा दिलेल्या. एकमेकांवर न चढता जास्तीत जास्त कामं बसवा. युक्ती सोपी: शेवटानुसार क्रम लावा, आधी संपेल ते आधी उचला.

याच तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे. सुरुवात: २२ एप्रिल १९८८, भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते, अंदाजे खर्च ३७२ कोटी. शेवट: मुदतवाढीवर मुदतवाढ. पस्तीस वर्षं उलटली तरी कालव्यांची कामं चालूच. शेवटाचा रकानाच कोरा, तिथं कोड बिचारा क्रम कसला लावणार?

पोरांनो, मुलाखतीत मात्र वेळेत उत्तर द्या. मुदतवाढ उमेदवाराला मिळत नाही, ठेकेदाराला मिळते.