रा. रा. मूळ दर्जा यांस

रा. रा. मूळ दर्जा,
मु. पो. क्लाउड, यांस

सा. न. वि. वि.

गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये आपण सर्वांत वर विराजमान असता. आपल्या खाली स्टोरेज सेव्हर आणि काही फोनांवर त्याच्याही खाली 3 मेगापिक्सेलवाला एक्सप्रेस. पंगतीत जावयाचं पान आधी मांडावं तसं आमचं बोट न विचारता आपल्याकडेच वळतं. मुलांच्या आठवणी आणि ‘कमी दर्जा’ हे शब्द एकत्र उच्चारायला कोणत्या आईबापांची जीभ धजेल?

आपल्याला आम्ही काय काय सांभाळायला दिलं आहे, त्याची आपणांस कल्पना असेलच. विजेच्या मीटरचा फोटो. गॅसची पावती. मॉलमध्ये गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून टिपलेला खांब. आधार कार्डाची झेरॉक्स, आणि ती अस्पष्ट आली म्हणून पुन्हा काढलेले तिचे चार फोटो. सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीचं ताट सात कोनांतून. शिवाय कौटुंबिक ग्रुपवर रोज उगवणारे सूर्य, कमळं आणि सुविचार. हे सगळं एकाही पिक्सेलला धक्का न लावता जपलं जात आहे. यातली खरी गंमत अशी की व्हॉट्सॲप फोटो पाठवतानाच तो आवळून लहान करतं. म्हणजे कधीच पातळ झालेलं ताक आपण मूळ दर्जात राखता. आपल्या निष्ठेला तोड नाही!

आपले धाकटे बंधू स्टोरेज सेव्हर एकेकाळी फुकट होते, हे आपणांस आठवत असेल. मे 2015मध्ये गूगल फोटोज आलं, तेव्हा त्यांचं नाव हाय क्वालिटी होतं. 16 मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो आणि 1080पीपर्यंतचे व्हिडिओ, कितीही टाका. आम्ही टाकले. नोव्हेंबर 2020मध्ये कंपनीनं जाहीर केलं की 1 जून 2021पासून नवे फोटो फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत मोजले जातील. तोवर तिच्याकडे चार लाख कोटींहून जास्त फोटो साठले होते आणि दर आठवड्याला 2,800 कोटी नवे फोटो-व्हिडिओ येत होते. एवढं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे कोण नेणार? तेव्हा भाडं सुरू करायची वेळ चुकली असं म्हणता येणार नाही. ती 15 जीबी जागाही एकट्या फोटोंची नाही. जीमेल आणि ड्राइव्ह तिथेच राहतात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की नवी मेल येणं थांबतं. नातवाच्या जावळाचे फोटो मूळ दर्जात ठेवल्यामुळे आजोबांना बँकेची मेल मिळत नाही, असा हा संयुक्त कुटुंबाचा कारभार.

आता थोडं हिशेबाचं, रागावू नये. आमच्या फोनच्या पाठीवर 50, 108, कधी 200 मेगापिक्सेल असं लिहिलेलं असतं. पण नेहमीच्या सेटिंगवर हे कॅमेरे बहुधा शेजारचे पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलच्या आसपासचा फोटो देतात. धाकट्यांची मर्यादा 16ची. म्हणजे ते त्या फोटोची लांबी-रुंदी कमी करत नाहीत, फक्त फाइल जरा दाबून बसवतात. आम्ही तो पाहतो कशावर? फुल एचडी फोनचा पडदा दोन-अडीच मेगापिक्सेलचा. दिवाळीत हप्त्यावर घेतलेला 4के टीव्ही सव्वाआठचा. 16 मेगापिक्सेलमधून 24 बाय 16 इंचांची छपाई नीट होते. आणि आम्ही शेवटचा फोटो छापून आणला तो कशासाठी? पासपोर्टसाठी. तो स्टुडिओवाल्यानं काढलेला.

खरा खादाड फोटो नव्हेच, व्हिडिओ. 4केमध्ये एका मिनिटाला, फोनच्या सेटिंगप्रमाणे, दीडशे ते चारशे एमबी सहज जातात. गणपतीची आरती, घालीन लोटांगण आणि मंत्रपुष्पांजली धरून एक वाजतगाजत चित्रीकरण केलं की कित्येक जीबी संपले. त्यातही निम्मा वेळ पडद्यावर पुढच्या काकांची पाठ. ‘जागा भरत आली’ अशी सूचना आल्यावर आम्ही मात्र हिंडून हिंडून पुसट फोटो काढून टाकतो, आणि काकांची पाठ शाबूत राहते. ॲपमध्ये जागा व्यवस्थापनाच्या पानावर मोठे व्हिडिओ वेगळे काढून दाखवतात. तिथे पाच मिनिटं बसलं तर महिनाभराची ही खुडबूड वाचेल. पण पाच मिनिटं बसण्यापेक्षा महिना 130 रुपये देऊन 100 जीबी घेणं सोपं पडतं. कंपनीनं मराठी मन चांगलंच ओळखलं आहे, एरवी भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून भांडणाऱ्यांचं!

आपल्याविषयी आकस नाही. आजीच्या लग्नाचा एकुलता एक फोटो स्कॅन करून ठेवायचा असेल, कोणी रॉ फाइलवर काम करणारा छायाचित्रकार असेल, पुढे कातरून मोठं करायचं चित्र असेल, तर तिथे आपल्याशिवाय कोणी नको. तिथे आपण यावं, पाट मांडून ठेवू. पार्किंगचा खांब आणि शुभ सकाळ यांच्यासाठी मात्र आपण कष्ट घेऊ नयेत, धाकट्यांना पाठवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पंधरा जीबीतलं एक कूळ

ता. क. – हे पत्र वाचून कोणी सेटिंग बदललं तर ते फक्त पुढच्या फोटोंना लागू होतं. आधी मूळ दर्जात चढलेले फोटो लहान करण्याचं बटण संगणकावर उघडणाऱ्या पानावर वेगळं आहे, आणि ते एकदा दाबलं की मागे फिरता येत नाही. म्हणून आधी हार्ड डिस्कवर प्रत काढावी, मगच दाबावं.