तबकड्यांचा सातबारा

धामणगाव रेल्वेत दर दोन-तीन गल्ल्यांआड एक गृहस्थ असा निघतोच, जो आपल्या तबकड्यांसाठी स्वतःच्या हातानं लाकडी कपाट करतो आहे. कपाट करून मोकळा झालेला माणूस क्वचित भेटतो. करत असलेला नेहमी. पेशानं तो निवृत्त मास्तर, बँकेतला कॅशिअर किंवा जिनिंगमधला हिशेबनीस. कानामागे पेन्सिल, खिशात टेप, अंगठ्याला चिकटपट्टी. संग्रहात वडिलांच्या काळातल्या लाखेच्या 78 च्या तबकड्या, नागपूरला सीताबर्डीत घासाघीस करून घेतलेल्या एलपी, आणि पुढच्या काळातल्या सीडी-व्हीसीडींचा ढीग. गाव त्याला गाण्याचा शौकीन समजतं. शौकीन तो असेलही, पण कपाटामागचं कारण गाणं नव्हे. खोक्यातल्या वस्तूला घरात कुणी विचारत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तिचा निकाल लागतो. फर्निचर काढायचं म्हटलं तर मात्र चार जणांना विचारावं लागतं. शेताला जसा सातबारा, तसं संग्रहाला कपाट. हा गृहस्थ सुतारकाम करत नाही, तो नोंद लावून घेतो आहे.

याला पुरावे भरपूर आहेत. पहिला, कामाचा मुहूर्त. खोकं वर्षानुवर्षं पलंगाखाली असतं तोवर त्याला करवत आठवत नाही. नवरात्राच्या आसपास स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘हे खोकं देऊ काय वो भंगारवाल्याले?’ आणि दुसऱ्या दिवशी तो प्लायवूडचे भाव विचारत फिरतो. दुसरा पुरावा जागेचा. कपाट आतल्या खोलीत सहज मावलं असतं, पण ते बैठकीत, दारासमोरच्या भिंतीला लागतं, आणि वर चार स्क्रू मारून भिंतीत पक्कं होतं. ‘मालगाडी गेली की हलते ना,’ असं कारण सांगितलं जातं. मुंबई-हावडा मार्गावरच्या गावात हे कारण कोण खोडणार? तिसरा पुरावा इतिहासाचा. 2007 च्या सुमारास मोझर बेअरनं चित्रपटाची व्हीसीडी 28 रुपयांना बाजारात आणली, तेव्हा संग्रह करणं खिशाला परवडू लागलं. एका व्हीसीडीत मावणार सुमारे 74 मिनिटं, म्हणजे एका हिंदी चित्रपटाला किमान दोन चकत्या. संग्रह आपोआप दुप्पट. मग मोबाइल आला आणि तोच ढीग प्लास्टिकच्या भावानं जाऊ लागला. शेजारच्या घरातला ढीग तराजूत पडताना ज्यानं पाहिला, त्याची झोप उडणं साहजिक आहे.

यावर पहिला आक्षेप शेजाऱ्याचा: ‘काऊन भाऊ, बजारात भेटत नाई काय कपाट?’ उत्तर तयार असतं: ‘भेटते ना बाप्पा, पण त्याच्यात माह्या एलपी मावत नाई.’ आणि इथे तो शंभर टक्के बरोबर असतो. एलपीचं वेष्टन सव्वाएकतीस-साडेएकतीस सेंटिमीटरचं. पुस्तकांच्या तयार कपाटाची खोली बहुधा त्याहून कमी, त्यामुळे तबकडी बाहेर डोकावते आणि दार लागत नाही. एलपी उभ्याच ठेवाव्या लागतात. तिरक्या टेकल्या तर वाकतात. तीन फुटी फळीवर दोनशेच्या वर एलपी बसतात आणि वजन पन्नास किलोच्या घरात जातं. शिवाय फळीचं एक गणित आहे: जाडी तीच आणि वजन तसंच भरगच्च असेल, तर दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केल्यावर फळीचा बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. हे गणित त्याला पुस्तकातून कळत नाही. पहिली फळी पोटात लोंबकळली की कळतं. मग मध्ये उभी पट्टी येते, आणि तिथून तो भेटेल त्याला मधल्या पट्टीचं महत्त्व सांगत सुटतो. वऱ्हाडची हवा वेगळीच परीक्षा घेते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, म्हणून पश्चिमेची भिंत बाद; तापलेल्या भिंतीशी एलपी वेडीवाकडी व्हायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि सरकतं दार खडखडतं. आषाढात तेच दार फुगून असं बसतं की दोघांनी ओढावं लागतं. त्यात घर काळ्या मातीवर. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ओळंब्यात उभं केलेलं कपाट वर्षभरात पुढे झुकतं. पायाखालची लाकडी पाचर दरसाल बदलली जाते. काम संपत नाही ते यामुळे. त्यात त्याचा आळस निम्माच.

दुसरा आक्षेप मुलाचा, आणि तो अधिक टोकदार: सगळी गाणी मोबाइलमध्ये आहेत, प्लेअर बंद पडून जमाना झाला, रेकॉर्डच्या सुईचा पत्ता नाही, मग कपाट कशाला? कपाट गाणं ऐकण्यासाठी असतं तर याला उत्तर नव्हतं. पण प्रश्न टिकण्याचा आहे. सगळं मोबाइलमध्ये आहे, हे अर्धसत्य आहे. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीनं कोलकात्यात गौहर जानचा आवाज ध्वनिमुद्रित केला. तो आज मोबाइलवर ऐकू येतो, कारण कुणीतरी त्या तबकड्या फेकल्या नाहीत. मुंबईत 1990 मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी जुन्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास मांडला, तोही जपून ठेवलेल्या तबकड्यांच्या आधारानं. गाणं हवेतून येत असेल, पण कुठल्या तरी फळीवरून निघाल्याशिवाय ते हवेत जात नाही. आपल्या गृहस्थाजवळ गौहर जान नसेल, व्हीसीडीच जास्त असतील, आणि त्यातल्या निम्म्या अडकत असतील. पण काय मोलाचं ठरणार हे भंगारवाल्याच्या तराजूला कळत नाही, तसं त्यालाही कळत नाही. फरक इतकाच, की तो ठेवून देतो.

तिसरा आक्षेप घरच्या बाईंचा आहे, आणि तो खोडणं कठीण. त्या म्हणतात, कपाट झालं की तबकड्या त्यात दोन वर्षं राहतात. मग वर गणपतीचा फोटो, मधल्या कप्प्यात विजेची बिलं, रेशनकार्ड, बीपीच्या गोळ्या, आणि खाली मुरंब्याची बरणी. तबकड्या परत खोक्यात, खोकं परत पलंगाखाली. हे खरं आहे, घरोघरी हेच होतं. पण यातून कपाट फुकट गेलं असं सिद्ध होत नाही. ते चुकीच्या मापाचं झालं, एवढंच सिद्ध होतं. कागदावर नाव लागलं तरी मोकळ्या जागेवर अतिक्रमण होणारच. तेव्हा जो कुणी येत्या दसऱ्याला करवत हातात घेणार असेल, त्यानं लाकूड सागवान की प्लायवूड यावर महिना घालवू नये. सीडीसाठी फळ्यांमधलं अंतर साडेतेरा सेंटिमीटर आणि खोली पंधरा, याहून एक सूतही जास्त ठेवू नये. मुरंब्याची बरणी त्यात जात नाही.