समुद्रसपाटीपासून उंचावर

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. समुद्रसपाटीपासून उंची इतके इतके मीटर. प्लॅटफॉर्मवर ताटकळणाऱ्यांशिवाय ती कोणी वाचत नाही. आमचं उदगीर सहाशे मीटरच्या वर आहे, आणि समुद्राशी नातं म्हणाल तर एवढंच. ही सपाटी ठरवताना आम्हाला कोणी विचारलंही नव्हतं. कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींची सरासरी काढून सर्व्हे ऑफ इंडियानं 1909 साली ती मुक्रर केली. म्हणजे एके काळी कारवारच्या धक्क्यावर पाणी वर-खाली होत होतं, त्या हिशोबानं आज आमच्या किल्ल्याचा बुरूज उंच ठरतो.

असा उंचावरचा माणूस खाली उतरून समुद्राकाठी चालायला लागला की बघण्यासारखं असतं. पुतण्या दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकायला होता. त्या निमित्तानं आम्ही हर्णै, आंजर्ले, केळशी या बाजूला जाऊ लागलो. पुतण्या पास होऊन नोकरीला लागला तरी आमचं जाणं थांबलं नाही. त्या किनाऱ्याची गंमत अशी की तो सलग चालू देत नाही. दाभोळला वाशिष्ठी, आंजर्ल्याला जोग, केळशीला भारजा, बाणकोटला सावित्री. पुळणीवरून मजेत निघावं तर थोड्या वेळात खाडी आडवी येते. पलीकडचं गाव दिसतं, तिथलं दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दिसतं, लुगड्याचा रंगही सांगता येतो. पण जायचं म्हटलं तर पूल गाठायला पार आत वळा, नाहीतर तरीची वाट बघत बसा. आमच्याकडं पाणी असं कोणाला अडवत नाही. ओढा दोन्ही थड्या भरून वाहिला, तर लोक पोराबाळांना घेऊन तो बघायला जातात.

खाडीच्या मुखापाशी चालायचं तर घड्याळ उपयोगाचं नाही, पंचांग लागतं. हे मला आंजर्ल्याच्या एका काकांनी शिकवलं. जाळं निवडता निवडता त्यांनी विचारलं, "आज तिथी काय?" घरात उपास चालू असल्यामुळं मला ती तोंडपाठ होती. म्हटलं, "संकष्टी." "म्हणजे चार. चार पाऊण तीन. तीनला पाणी भरणार. आत्ता नऊ वाजलेत, उतरलंय सगळं. चाला खुशाल, बाराच्या आत परत या." तिथीला पाऊणनं गुणायचं, झाली भरतीची वेळ. चंद्र रोज सरासरी पाऊण-एक तास उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागं तेवढीच लांबते, असा त्यातला साधा हिशोब. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, फार तर बारा. सव्वाकी, दिडकी, पाऊणकी पाठ करायला लावून आमच्या गुरुजींनी छळ मांडला होता असं मला इतकी वर्षं वाटायचं. त्या छळाचा उपयोग कोकणात झाला.

सवय लागली ती लागलीच. एकादशीला उदगीरच्या घरात साबुदाण्याची खिचडी खाताना मी जाहीर करतो, "आज सव्वाआठला हर्णैला भरती." बायको म्हणते, "ते राहू द्या. नळाला कधी येणार ते सांगा." तिथं पाऊणकी चालत नाही. आमच्या जिल्ह्यानं भरती बघितली ती रुळावरून आलेली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या पाण्याला आम्ही हात जोडले होते, आणि त्यात विनोद नव्हता.

ओहोटीच्या वाळूवर चालणं ही मात्र चैन आहे. टणक, ओली, पायाखाली न खचणारी वाळू. तिच्यावर खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते. वाळूतलं खाण्यासारखं तेवढं खायचं आणि उरलेली वाळू गोळी वळून मागं टाकायची, असा त्यांचा उद्योग. आपण जवळ गेलो की सगळे एकदम बिळात, आणि नक्षी तेवढी राहते. थोडं खाडीच्या आत वळलं की चिखल लागतो. चिखलातून वर आलेली तिवराची बोटबोट मुळं दिसतात, आणि निवट्या, म्हणजे मासा असून चिखलावर उड्या मारणारा प्राणी. चिखलाबद्दल आम्हाला कोणी शिकवू नये. पावसाळ्यात आमची काळी माती एकेका चपलेला शेर-दोन शेर चिकटते आणि शेताच्या बांधापर्यंत सोबत करते. पण ती धरून ठेवते, खाडीचा चिखल आत ओढतो. दोन्हीतून पाय काढायची तऱ्हा वेगळी, एवढं सांगून ठेवतो.

दापोलीकडचा मुरुड हा धोंडो केशव कर्व्यांचा गाव. पोरवयात ते परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, डोंगर चढून, चार दिवसांत. तिथं त्यांना सांगण्यात आलं की वय लहान दिसतं, बसता येणार नाही. तसेच परत आले. पुढं ते महर्षी झाले ते झालेच, पण मला त्या परतीच्या वाटेबद्दल फार वाटतं. जाताना चालायला परीक्षा होती. येताना काय होतं?

कारण चालायला काहीतरी लागतं, निदान विचारणाऱ्याला सांगण्यापुरतं. समुद्राचा खरा उपकार हाच. आंजर्ल्यात संध्याकाळी कोणी विचारलं, "कुठे?" की "समुद्रावर" एवढं म्हटलं की झालं. पुढं प्रश्न नाही. उदगीरात असं एकही उत्तर नाही. पहाटे फिरणाऱ्यांना सूट आहे. पांढरे बूट दिसले की लोक समजून घेतात. पण संध्याकाळी साध्या चपलेत निघालेला माणूस संशयित. पहिला मोटारसायकलवाला थांबतो. "सर, कुठं चाललाव?" सहज, म्हटलं तर त्याचा विश्वास बसत नाही. "गाडी बिघडली का?" नाही. मग आवाज खाली आणून, "शुगर निघाली का?" इथं होय म्हणावं, म्हणजे तो निघतो; पण दुसऱ्या दिवशी घरी कारल्याचा रस येतो.

म्हणून मी किल्ल्याची वाट धरतो. तिथं जायला कारण लागत नाही, कारण आत उदागीर महाराजांची समाधी आहे, आणि देवाला निघालेल्या माणसाला कोणी अडवत नाही. खंदकाच्या कडेनं चालावं, तटाच्या सावलीत उभ्या देवणी गाईंची कपाळं बघावीत, आणि थोडा इतिहास मनात घोळवावा. 3 फेब्रुवारी 1760 ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच नमवलं, साठ लाखांचा मुलूख घेतला आणि परतूरहून उत्तरेची वाट धरली ती पानिपताकडं. निघताना त्यांना वेशीत कोणीतरी "कुठं चाललाव?" विचारलंच असेल. उदगीर आहे.

आणि समुद्र आम्हाला अगदीच परका आहे असंही नाही. बहामनी काळात बीदर राजधानी होती, म्हणजे इथून दीड-दोन तासांवर, आणि त्या राज्याची मोठी बंदरं चौल आणि दाभोळ. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला पावसाळा काढला, बीदरला पोचला, आणि शेवटी दाभोळहून जहाजानं गेला. खाडीपासून आमच्या पठारापर्यंतची वाट पाचशे वर्षांपूर्वी एका परक्यानं चालून दाखवली आहे. त्याला वाटेत लिफ्ट कोणी विचारल्याचं त्यानं लिहिलेलं नाही.

पण पाण्याचं म्हणाल तर आमची खाडी तिकडची नव्हेच. आमच्या शिवारात पडलेला थेंब कोकणाकडं पाठ करून निघतो. इथल्या माथ्यावरून लेंडी नदी देगलूरच्या अंगाला वाहते, पुढं मांजरेला मिळते, मांजरा कंदकुर्तीला गोदावरीत जाते. मग श्रीरामसागर, मग धवळेश्वरमचा बंधारा, आणि तिथून फाटे फुटून त्यातला एक अंतर्वेदीला बंगालच्या उपसागरात. त्या फाट्याचं नाव वसिष्ठ. दाभोळची वाशिष्ठी अरबी समुद्राला आणि हा फाटा पूर्वेला, म्हणजे एकाच ऋषींनी दोन्ही किनारे सांभाळलेत. मधल्या धरणांतून आमचा थेंब प्रत्यक्षात तिथवर पोचतो का, ही गोष्ट वेगळी. निघतो तरी त्याच दिशेनं.

हे कळल्यापासून मी संध्याकाळी देगलूर रोडनं चालतो. परवा नेहमीप्रमाणं एक मोटारसायकल थांबली. "सर, कुठं चाललाव?"

म्हटलं, "समुद्राकडं."

त्यानं मागच्या सीटवरची पिशवी हँडलला अडकवली. म्हणाला, "बसा की मग, फाट्यापर्यंत सोडतो."