डेकपंडित

डेकपंडित ही पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आढळणारी, साधारण चौदा ते तीस वयाची जमात. मोबाइलवर पत्ते खेळणारा प्रत्येक जण डेकपंडित नव्हे. खेळणारा खेळतो. डेकपंडित जुळवणी करतो आणि जुळवणीतून वेळ उरलाच तर खेळतो. त्याचा खेळ बहुधा 'क्लॅश रोयाल'. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने २०१६ च्या मार्चमध्ये तो जगभर आणला. डाव तीन मिनिटांचा असतो, त्यामुळे म्हापशाची बस येईपर्यंत दोन-तीन सहज उरकतात.

नियम सोपे आहेत. शंभराहून अधिक पत्त्यांतून आठ निवडायचे, हा झाला डेक. हातात एका वेळी चारच येतात. एक टाकला की पुढचा हजर. पत्त्याची किंमत एलिक्झर नावाच्या जांभळ्या द्रवात मोजायची. तो आपोआप भरत राहतो, पण दहाच्या वर साठत नाही. समोरच्याचे बुरूज पाडले की जिंकलो. शंभरच पत्ते धरले तरी आठांच्या जुळण्या अठरा हजार सहाशे कोटींच्या वर जातात. त्यांतून भरपूर विचारांती डेकपंडित जी निवडतो, ती त्याच्या वर्गातल्या सहा जणांकडे आधीपासूनच असते. दुसऱ्याचा डेक एका बोटाने उतरवून घेण्याची सोय खेळातच आहे. त्यातला एक पत्ता बदलला की तो 'माझा डेक' होतो.

जुळवणीचे शास्त्र खरे आहे, आणि ते डेकपंडिताला खरोखरच येते, हे मान्य केले पाहिजे. बुरुजावर चालून जाणारा एक मुख्य पत्ता लागतो. त्याला 'विन कंडिशन' म्हणायचे. आकाशातून येणाऱ्यांना पाडणारा एक हवा. एक स्वस्त मंत्र, एक महाग मंत्र, शक्यतो एक इमारत. मग आठांच्या किमतीची सरासरी. 'टू पॉइंट सिक्स' हा आकडा या मंडळींत नावासारखा उच्चारला जातो. हॉग रायडर, मस्केटियर आणि फायरबॉल प्रत्येकी चार, कॅनन तीन, आइस गोलेम आणि लॉग दोन-दोन, आइस स्पिरिट आणि स्केलेटन्स एकेक. बेरीज एकवीस, भागिले आठ. दहावीच्या गणितात ज्याला सरासरी काढताना घाम फुटला, तो हा भागाकार चालत्या बसमध्ये तोंडी करतो. डेक इतका हलका असला की चार पत्ते भराभर टाकून हॉग रायडर पुन्हा हातात आणता येतो. समोरचा त्याची तोड शोधत असतो, तोवर दुसरा रायडर पूल ओलांडून गेलेला असतो.

खरी अडचण निवडण्यात नसून वगळण्यात असते. चवथीच्या माटोळीला रानात मिळेल ते फळ-फूल बांधले तरी शोभा वाढतेच; डेकमध्ये नववा पत्ता मावत नाही. म्हणून पंडिताची रात्र 'मस्केटियर काढू की कॅनन' यात जाते, आणि पहाटे तो दोन्ही ठेवून भलताच पत्ता काढतो.

याच्याउलट पंथ गोलेमवाल्यांचा. गोलेमची किंमत आठ. तो आपल्या राजाच्या बुरुजामागे सोडायचा आणि तो संथपणे पुढे सरकेपर्यंत मागून साथीदार जमवायचे. यासाठी धीर लागतो. डिचोलीकडे हा पंथ जोरात का, याचे एक कारण सांगितले जाते: खाणी २०१२ आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हापासून दारातला ट्रक कधी हलेल याची वाट पाहण्यात अख्खी घरे तरबेज झाली आहेत. कारण पटण्याजोगे आहे. खरे असेलच असे नाही.

डेकपंडित हरत नाही. हरतो तो डेक, किंवा नेटवर्क, किंवा समोरच्याची 'लेव्हल'. घरून 'जेवूंक यो रे!' ही हाक नेमकी शेवटच्या मिनिटाला येते, म्हणजे एलिक्झर दुप्पट वेगाने भरू लागतो तेव्हा. त्यामुळे पराभवाच्या कारणांत आईचेही नाव असते. पराभवाची चिकित्सा दुसऱ्या दिवशी भाजी-पावाच्या टेबलावर होते. डाव तीन मिनिटांचा, चिकित्सा पाऊण तासाची. मधूनच कंपनी पत्त्यांची ताकद कमी-जास्त करते. लाडक्या पत्त्याची ताकद घटली की 'नर्फ केला' म्हणून सुतक पाळले जाते, आणि संध्याकाळपर्यंत नवा डेक तयार होतो.

चवथीला मामाच्या घरी खऱ्या पत्त्यांचा डाव पडतो, तेव्हा या विद्येचा काही उपयोग होत नाही. पेडणे १७८८ पर्यंत ज्या सावंतवाडीकरांकडे होते, त्यांच्या गावच्या दशावतारी गंजिफ्यातही तेच: दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, एकूण एकशे वीस पत्ते, दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव उघडणार, रात्री कृष्णाचा. तिथे पत्ते निवडायचे नसतात. वाटले जातात ते घ्यायचे. मामी पाने लावून मोकळी होते, दोन हात करते. पंडित अजून 'हा हातच चुकीचा आहे' हे समजावून सांगत असतो.

वयाच्या पंचविशीनंतर तो क्लॅनचा म्होरक्या होतो. क्लॅनमध्ये पन्नासपर्यंत जण असतात. क्लॅनच्या लढाईला प्रत्येकाने चार डेक आणायचे, आणि बत्तीस पत्त्यांत एकही पुन्हा यायचा नाही. मोपा विमानतळावरची रात्रपाळी संपवून तो ग्रुपवर पोरांचे डेक तपासतो, शेरे मारतो, उशीर करणाऱ्याला काढून टाकण्याची धमकी देतो. स्वतःचा चौथा डेक त्याने अजून लावलेला नसतो. त्यात मस्केटियर घ्यावी की नको, यावर विचार चालू असतो.