प्रशिक्षणवीर सर

वाशीम जिल्ह्यात, रिसोडकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवणारे आमचे सर प्रशिक्षणाहून परतले की दोन दिवस पोरांना ओळखू येत नाहीत. ‘ए, गप बसा रे’ म्हणणारा माणूस ‘चला, आपण गट पाडूया’ म्हणू लागतो. बाकं सरकवून गोल करण्यातच तास संपतो. मागचं एखादं पोट्टं विचारतं, ‘सर, मंग गणित कवा?’

सरांचं एकही प्रशिक्षण बाकी नाही. १२ वर्षांच्या सेवेनंतरचं वरिष्ठ श्रेणीचं झालं, २४ वर्षांनंतरचं निवड श्रेणीचंही झालं. माध्यमिकचं ‘निष्ठा’ दीक्षा ॲपवर आलं, तेव्हा तुरीला पाणी देता देता त्यांनी ते पुरं केलं. व्हिडिओ धुऱ्यावर बोलत होता, सर सरीत उभे होते. प्रश्नांची उत्तरं शिक्षकांच्या ग्रुपवर आधीच येऊन पडली होती.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात त्यांची जागा ठरलेली: पंख्याखाली, दाराजवळ. सुलभक अध्ययन निष्पत्ती समजावतात, सर हजेरीचा कागद कुठवर आला ते बघतात. ‘काही शंका?’ म्हटलं की त्यांचाच हात वर. ‘प्रमाणपत्र आजच मिळेल ना?’ २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास शिकायला सांगितलंय, हे ऐकून ते म्हणाले, ‘शिकू की. पण पेरणीच्या दिवसांत ठेवू नका.’

आता खरं तेही सांगायला हवं. परवा आठवीत त्यांनी सोपं उदाहरण घातलं: १० क्विंटल सोयाबीन, भाव ४,००० रुपये, तर पैसे किती? एका पोराने लिहिलं, ३९,२००. पूर्वीचे सर असते तर वही भिंतीवर आपटली असती. या वेळी त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, ‘कसं काढलंस, सांग बरं.’

‘सर, क्विंटलमागं दोन किलो कडता कापतेच ना अडत्या!’

सरांनी हिशेब तपासला. बरोबर होता. मग अख्ख्या वर्गाने कडत्याचं शेकडा प्रमाण काढलं. बाकं जागची हलली नाहीत, तरी सगळे बोलत होते.

उत्तर चुकलं तर आधी पोराला विचारा, हे सर प्रशिक्षणातच शिकले. तेव्हा साहेबांना एवढंच सांगणं: स्लाइडी निम्म्या करा, हे दुप्पट करा. चहा मात्र आहे तेवढाच राहू द्या.